सनईची ओळ

नात तेजल उजवली, त्या वर्षीची गोष्ट. मांडवात सनई होती, पण आबा गुरवांत ती फुंकायला दम उरला नव्हता. ती सनई आपली नोंद स्वतःच ठेवायची नि पाळायची; त्या नोंदीत आबांनीच लिहिलेलं: ‘वाजवणार: फक्त आबा.’ दुसऱ्याने फुंकली की ती गप्प.

“आबा, पुसा ती ओळ. मुहूर्त टळेल,” लेक रखमा म्हणाली.

“मग मी कुठं उरलो गं?”

“जुन्या नोंदीत आहातच की. ओळ कुणी पुसली, तेही सनई लक्षात ठेवते.”

आबांनी सनईवर अंगठा टेकला. ओळ गेली. रखमाने फुंकली, सनई बदकासारखी ओरडली, मांडव हसला. मग सूर लागला.

“लबाडे, कधी शिकलीस?”

“लाटण्यावर बोटं फिरवत, तुमचं ऐकत.”

आबा ताल धरत मनसोक्त हसले. त्याच वर्षी नागपंचमीला आबा वारले.