पाचवं पोर्ट

लेकीने ऑफिसातून आणलेल्या नव्या राउटरच्या पाचही पोर्टांत वायरी खोचल्या. चार दिवे लागले, पाचवा लागेना.

"बिघडलाय," बाबांनी निकाल दिला. निवृत्त झाल्यापासून ते निकालच देत असत.

"नाही हो बाबा, मीच चुकले. आत कर्नल असतो, सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम. पण पोर्टं किती, कुठली, हे त्याला स्वतःहून कळत नाही. एकेकाचं वर्णन लिहून द्यावं लागतं. मी चारच लिहिली."

"कारभार सगळा बघतो, आणि घरात कोण कोण आहे ते दुसऱ्याने सांगायचं?"

"तुमच्यासारखाच आहे," आई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली.

बाबांनी ते ऐकलंच नाही, असं दाखवलं. "मग पाचवं तोवर काय करतं?"

"काय करणार? धडधाकट असतं, वायरही असते. पण कर्नलच्या लेखी ते नाहीच."

तिने राहिलेलं वर्णन लिहिलं, राउटर पुन्हा चालू केला. पाचवा दिवा लुकलुकला. बाबा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी ते दाराबाहेर स्टुलावर चढले. भांडून घर सोडलेल्या मुलाचं नाव त्यांनीच पाटीवरून खरवडून काढलं होतं. आता त्याच जागी ते पुन्हा रंगवत होते.

"त्याचा फोन आला?" आईने हळूच विचारलं.

"नाही. आपणच लावू," बाबा म्हणाले. "आधी कर्नलला कळवतोय. स्टूल धर."