चार पानं

सकाळपासून लेकीचा जीव मेटाकुटीला आला होता. आईच्या रक्ताचा रिपोर्ट डाउनलोड केला, की मेला ब्राउझर फाइलच्या नावाच्या शेवटचं 'पीडीएफ' काढून 'टीएक्सटी' चिकटवायचा. मग उघडलं की पानभर नुसते चौकोन, फुल्या आणि प्रश्नचिन्हं! सेटिंग उलटीपालटी करून झाली, सातव्यांदा डाउनलोड करून झालं, तरी ढिम्म फरक नाही. पाठीमागे बाबांच्या येरझाऱ्या चालूच. "अगं, डॉक्टरांनी अकराची वेळ दिलीय!"

ती लॅबवाल्याशी फोनवर हुज्जत घालायला गॅलरीत गेली, तेवढ्यात बाबांनी स्क्रीनवर होतं तेच छापलं आणि आईला घेऊन निघूनही गेले.

तासभर ताटकळत ठेवून लॅबवाल्याने एकदाचा उपाय सांगितला. तिने 'टीएक्सटी' खोडून 'पीडीएफ' लिहिलं आणि रिपोर्ट झटक्यात उघडला. तीन आकडे लालभडक होते. तिने लगेच बाबांना फोन लावला, तर तो घरातच टेबलावर वाजला.

इतक्यात दार उघडून बाबा हसत आत आले.

"उगाच जिवाला घोर लावून घेतलास. डॉक्टरांनी चारही पानं नीट वाचली. सगळं नॉर्मल आहे म्हणाले."