झोप लागते म्हणावं

येळवस होती, मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण, म्हणून रेणापूरच्या घरांना कुलपं आणि सारा गाव रानात. किशनरावांच्या शेतात आलेला जो तो आधी आंबील प्यायचा, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर ताव मारायचा आणि तोंड पुसता पुसता विचारायचा, "फौजी कसा हाय?" त्यांची सून उज्वला प्रत्येकाला हसून सांगायची, एकदम झकास. सकाळपासून सांगून सांगून त्या शब्दाची तिला शिसारी आली होती.

फौजी, म्हणजे तिचा नवरा भागवत, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला पाठ लावून बसला होता. लोकांना वाटत होतं, रजेवर आलेला माणूस, बसलाय निवांत. आल्यापासून त्यानं एकही रात्र धड झोपून काढली नव्हती, हे फक्त उज्वलेला ठाऊक. आणि उद्या दुपारी लातूरहून त्याची गाडी होती.

ती ताट घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं ताट बाजूला सारलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पहाऱ्यावर उभं राहिलो की मला माझ्याच बंदुकीचं भ्या वाटायलंय."

तिकडच्या डॉक्टरला सांगितलं का, असं तिनं कसंबसं विचारलं.

"त्यानं इचारलं होतं, झोप लागते का. लागते म्हणलो. तूच म्हणली होतीस ना."

बोलण्यात ठपका नव्हता. सांगितलेलं काम नीट केलं, एवढंच तो सांगत होता, आणि तेच तिला सोसवेना.

म्हणाली तर होतीच ती. दिवाळीत, चकल्या तळता तळता, फोन खांद्याशी धरून. हवालदाराची फीत, म्हणजे बढती, तोंडावर आली होती. कागदावर डोक्याचा शेरा लागला की फीत गेली, वर गावात येडा म्हणून नाव पडलं, असा तिचा हिशेब. डॉक्टरला काही बोलू नका, थोडी कळ काढा, असं तिनं शहाणपणानं बजावलं होतं. त्या हिशेबात नवरा धरायचाच राहिला होता.

"तुमच्या सायबाला मी सांगू का?" तिनं विचारलं.

"सांग," तो म्हणाला. "मला जमत न्हाई."

ती परत पंगतीकडे आली तेव्हा उदगीरकडचे पाहुणे महादेवप्पा सासऱ्यांच्या शेजारी जेवायला बसत होते. त्यांनीही तोच प्रश्न केला. फौजी कसा हाय, सूनबाई?

"बरे न्हाईत," उज्वला म्हणाली. "झोप न्हाई त्यांना. मन थाऱ्यावर न्हाई. आन् डॉक्टरपासून लपवा म्हणून मीच सांगितलंय."

तिनं सासऱ्यांकडे बघितलं. किशनराव तापट माणूस. पाहुण्यांसमोर घरातलं बोललेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी लेकाचा वर्दीतला फोटो दाखवलेला. पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

"मामा, उद्या त्यांना एकट्याला गाडीत बसवायचं न्हाई. सायबाला आत्ता फोन लावून सगळं सांगणार हाय मी. दवाखान्यात न्यायला लावणार. फीत गेली तर जाऊ द्या."

आता फटकारा बसणार म्हणून तिनं पदर आवळून धरला. किशनरावांनी हातातला घास पत्रावळीत परत ठेवला.

"मलाबी फोनवर इचारलं होतं त्यानं, दसऱ्याला," ते म्हणाले. "मी म्हणलो, मर्दाला झोपंचं औषध लागत न्हाई."

मग त्यांनी खरकटा हात धोतराला पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"लाव फोन. लागला की आधी मला दे."