आधी स्वतःसाठी

दुपारी अडीचला मायाने सासूच्या तोंडात मारली, आणि पाचच मिनिटांनी ती स्वयंपाकघरात चटई टाकून मैत्री भावना करायला बसली.

शिरूरला नळाला पाणी येऊन अकरा दिवस झाले होते. पिण्याचा शेवटचा हंडा सासूने, भिवराबाईंनी, ओसरीत ओतून दिला होता, पाहुणे येणार म्हणून फरशी धुवायला. पाहुणे कोणी येणार नव्हते. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. सुनेचं तोंडही आता ओळखू येत नव्हतं. सकाळपासून त्यांची तीन लुगडी बदलून झाली होती. मायाने आडवा पडलेला हंडा पाहिला आणि तिचा हात उठला.

विहारात दर रविवारी सत्यशीलाबाई ही भावना शिकवायच्या, एकेकाचं मंगल चिंतायची. आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग अनोळखी माणसासाठी, शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी. मायाने डोळे मिटले. "माझं मंगल होवो." ओठ हलले, पण आत काही उतरलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. तळहात अजून चुणचुणत होता.

मग तिने स्वतःला सोडून दिलं. पुण्याला कंपनीत असलेल्या नवऱ्याचं मंगल चिंतलं. टँकरवाल्याचं चिंतलं. नळाला मोटार लावून सगळं पाणी ओढून घेणाऱ्या शेजारणीचंही चिंतलं. भिवराबाईंपाशी आली तेव्हा मात्र नुसता तो गालच दिसला, आणि तिने डोळे उघडले.

सत्यशीलाबाईंनी दिलेला आत्मपरीक्षणाचा कागद पिठाच्या डब्यामागे होता. दर आठवड्याला नवा मिळायचा, रविवारी भरून द्यायचा. सहावा प्रश्न: या आठवड्यात कोणावर हात उगारला का? आजवर पाचही वेळा तिने 'नाही' लिहिलं होतं. त्यातली दोनच खरी होती. आज तिने 'हो' लिहिलं. पुढे विचारलं होतं, किती वेळा. पेन तिथेच थांबलं.

तिने बाईंना फोन लावला.

"जय भीम, बाई. मला एक सांगायचं होतं."

"जय भीम. अगं, तुझंच नाव निघालं होतं सकाळी," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी सगळ्या बायांना सांगते, सेवा करावी तर मायानं. या रविवारी तूच दोन शब्द बोल."

मायाने हातातल्या कागदाची घडी घातली.

"काय सांगायचं होतं गं?"

"रविवारी जमायचं न्हाई मला."

फोन ठेवला आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, आवाज ओसरीत जाऊ नये म्हणून.

मग ती बाहेर गेली. भिवराबाई ओल्या फरशीवरच भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या गालावर बोटं उमटली होती. माया त्यांच्या पुढ्यात बसली. पाणी तिच्या साडीत चढत गेलं.

"आत्या, मी मारलं तुमाला. मीच मारलं. अन् आज पहिल्यांदा न्हाई."

भिवराबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग दाराकडे नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"असू दे. पण तू जाय आता, बाई. माझी सून येईल एवढ्यात. तिच्यासमोर असं बोलू नको. लई जीव हाय तिचा माझ्यावर."