अंतरपाटाआडची नवरी

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे गुरव नव्या ग्राफिक्स कार्डाला वैतागले होते. कशाच्याही आड काय आहे, ते हे कार्ड उजेडावरून अचूक शोधून दाखवायचं. त्यामुळे प्रत्येक लग्नातला अंतरपाट ते अडथळा समजून पुसून टाकी. तीनदा सेटिंग बदलूनही आज तेच. स्क्रीनवर मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट गायब होता आणि नवरी केतकी रडत, मान हलवत, मागे उभ्या मामाच्या मुठीतून दंड सोडवू बघत होती.

शॉट निवडायला आलेले मामा शेजारीच बसले होते.

"कार्डाची चूक असेल," गुरव चाचरत म्हणाले.

"चूक कसली? हात माझाच आहे," मामा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "जुनं कार्ड लावा आणि अंतरपाट परत आणा."