आई पडली आहे

नॉरीननं आज मुद्दाम लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. मुलानं नाताळात दिलेलं घड्याळ तिच्या मनगटावर नव्हतं, आणि अकरा वाजेपर्यंत ते कुणाला कळायला नको होतं.

मुलगा, क्रेग, सकाळीच मेलबर्नहून येऊन पोचला होता. टेबलापलीकडे ब्रिजेट बसली होती, सरकारी बाई. एकट्या म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या घरात राहायचं की वृद्धाश्रमात, हे ठरवणारा कागद तिच्या पुढ्यात होता. नॉरीनचं घर, मेंढ्या, उरलेलं आयुष्य, सगळं त्या एका कागदावर आलं होतं.

"मला फक्त तिची काळजी वाटते," क्रेगनं फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. "घड्याळातलं सगळं मला इथं दिसतं. हा मागचा महिना बघा. रात्रीची तीन-तीनदा उठते. बाथरूमला."

परक्या बाईसमोर! नॉरीनचे कान तापले. हेच घड्याळ तिला गोळ्यांची आठवण करायचं, पाऊस येतोय म्हणून सांगायचं, आणि तिनं शेजारीपाजारी पोराचं केवढं कौतुक केलं होतं. आपल्या बाथरूमच्या खेपासुद्धा हा तिकडे बसून मोजतो, हे सून एकदा फोनवर बोलता बोलता बोलून गेली तेव्हा कळलं. त्याला तीन आठवडे झाले. त्याच दिवशी तिनं ते हातातून काढलं होतं.

"आणि हा नकाशा," क्रेग म्हणाला. "पहाटे साडेपाचला मागच्या कुरणात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. परवा तर तळ्यात उतरलीय. भ्रमच झालाय, दुसरं काय? तीन आठवड्यांत अकरा वेळा पडलीय. अकरा! माझी झोप उडालीय हो."

ब्रिजेटनं लिहिता लिहिता मान वर केली. "कुठं लागलं का तुम्हाला, नॉरीन?"

"हे विचारणारी तू पहिलीच, पोरी," नॉरीन म्हणाली आणि तिच्या कपात चहा ओतला.

क्रेग हसला. "तिच्या लक्षात राहत नाही. म्हणून तर म्हणतो, हॅमिल्टनला एका आश्रमात खोली रिकामी आहे…"

बाहेर लेसची गाडी येऊन थांबली. शेजारचा लेस, सांगितल्याप्रमाणे अकराच्या ठोक्याला. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यातून नॉरीनच्या कुत्रीनं, जिफीनं, खडीवर धप्पकन उडी मारली.

टेबलावरचा फोन थरथरला. नकाशावर एक पट्टी उमटली: आई जोरात पडली आहे.

क्रेगनं ती अंगठ्यानं वर सरकवून टाकली. वाचलीसुद्धा नाही. खोलीला लागून बाग कशी आहे ते तो सांगतच राहिला.

ब्रिजेटचं पेन थांबलं. तिनं वाचलं होतं. समोर नॉरीन किटली हातात धरून ठणठणीत बसलेली.

"काय आलं रे फोनवर?" नॉरीननं विचारलं.

"काही नाही गं. जाहिरात."

नॉरीननं बाही वर ओढून मोकळं मनगट दाखवलं. मग उठून दार उघडलं आणि शीळ घातली. जिफी चिखलाच्या पायांनी आत आली. तिच्या गळपट्ट्याला घड्याळ बांधलेलं होतं.

"मेंढ्यांमागं असं इकडून तिकडे कोण पळतं रे? याच घरात वाढलास ना तू? ही गाडीतून उडी मारते आणि घड्याळ तुला सांगतं, आई पडली. अकरा वेळा सांगितलं. आजचं धरून बारा. एकदा तरी फोन केलास?"

"आई, अगं, मला वाटलं…"

"तुला वाटलं, बरं झालं, आकडा वाढला."



नॉरीननं घड्याळ सोडवून आपल्या मनगटावर चढवलं. "आता नीट ऐक. हे कधी माझ्या हातात असेल, कधी हिच्या गळ्यात. केव्हा कुठं, ते मी सांगणार नाही. आणि एक दिवस मी खरंच पडेन. बस काळजी करत."

क्रेगनं फोन आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि कुणाशी न बोलता तो निघून गेला. ब्रिजेटनं कागदावरच्या 'अकरा'वर काट मारली आणि खाली लिहिलं: स्वतःच्या घरीच राहतील.

"फार लागलं असेल हो त्यांना," ती हळूच म्हणाली.

"लागू दे."

खिडकीतून क्रेगची गाडी दिसत होती. गेट उघडायला तो खाली उतरला. नॉरीननं तेवढ्यात हात वर नेला आणि घड्याळासकट टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत सांडला. गेटपाशी क्रेगनं खिशातून फोन काढला. या वेळी पट्टी वाचली. फोन कानाला लावून तो घराकडे बघत उभा राहिला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन वाजू लागला.

"घ्या ना," ब्रिजेट अर्धवट उठली. "घाबरले असतील ते."

"वाजू दे," नॉरीन म्हणाली आणि तिनं स्कोनला लोणी लावायला घेतलं. "अकरा वेळा वाजलाच नव्हता."