गादीवर निजणारी

"पायताण भाईर काढा, साहेब," भागी म्हणाली आणि कंपनीचा माणूस उंबऱ्यातच थबकला. नाशिकहून जामसरपर्यंत जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत तो एक गादी तपासायला आला होता, आणि त्याच्या बुटांना नाड्या होत्या. कुरकुरत त्याने त्या सोडल्या.

मागे उभ्या असलेल्या विनोदला हसू आलं. जव्हारच्या पंचायत समितीत तो कारकून होता. साहेबाला बूट उतरवायला लावणारं माणूस त्याने तिथे कधी पाहिलं नव्हतं, आणि इथे त्याची आईच ते करत होती. पण ही हसायची वेळ नव्हती. दिवाळीत त्याने तिच्यासाठी काथ्याची गादी घेतली होती, चांगली सात वर्षांच्या गॅरंटीची. उन्हाळा लागला नाही तोच जीपवाल्याबरोबर आईचा निरोप आला, "मधी खड्डा पडला. निजणारीचे लय हाल व्हतात." उभा जन्म चिखलात वाकून लावणी केलेली ती पाठ, तिला म्हातारपणी तरी सुख मिळावं एवढीच त्याची हौस होती. तो दुकानदाराच्या हात धुऊन मागे लागला, तेव्हा कुठे कंपनीने हा माणूस धाडला.

विनोद स्वतः मात्र यायचा तो ओसरीवर चहा पिऊन शेवटच्या जीपने परत. गादी आणून ठेवली त्या दिवसानंतर तो आतल्या खोलीत आज पहिल्यांदा जात होता.

आत अंधार होता. डोळे सरावले आणि विनोद जागीच थांबला. बांबूच्या माच्यावर गादी, आणि गादीवर शेजारी शेजारी भाताच्या दोन मुड्या. पेंढ्यात घट्ट गुंडाळून बांधलेलं पेरणीचं बियाणं. दोघींना कुंकवाचं बोट लावलेलं, दोघींवर मिळून एक धुवट लुगडं पांघरलेलं.

"गादीवर माल ठेवलाय?" कंपनीच्या माणसाचा चेहरा उजळला. काम फारच सोपं झालं होतं. "मग गॅरंटी संपली. ही गादी माणसांनी झोपायची असते."

विनोद आईच्या कानाशी लागला. "आये, सांग ना, आजच ठेवल्या म्हणून. उंदरांच्या भ्यानं."

"तिच्या म्होरं खोटं बोलू?" भागी चांगली मोठ्याने म्हणाली. मग कंपनीच्या माणसाकडे वळली. "माल नाय हा, साहेब. कणसरी हाय. दाण्याची आई. घरात नवी चीज आली का पयली तिची. पोरानं गादी आणली, मी तिला निजवली. आता खड्डा पडला तर हाल तिचेच ना? बघा तुमीच."

"आणि तुम्ही कुठं झोपता, मावशी?"

भागीने हनुवटीने खाली दाखवलं. माच्याच्या पायथ्याशी सारवलेल्या भुईवर एक गोधडी घडी करून ठेवलेली होती.

खड्डा मोजायला कंपनीच्या माणसाने खिशातून दोरी काढली होती. ती त्याने तशीच परत खिशात घातली.

विनोदला खरं तर चिडायला हवं होतं. नवी गादी हातची गेली होती. पण त्याला एक जुना पावसाळा आठवला. घरात दाणा नव्हता, आई रानातले कंद उकडून घालत होती, आणि याच खोलीत बियाण्याची मुडी शाबूत होती. फोड ना गं, म्हणून तो तेव्हा भोकाड पसरून रडला होता. आज त्याच अंधारात उभं राहताना त्याच्या अंगावर काटा आला. देवळात वाटते तशी भीती वाटली, आणि ऊर भरूनही आला.

"नवी काही मिळायची नाही, मावशी," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "पण ही उलटी करून टाका. खालची बाजू अजून कोरी आहे."

"मंग करू. पण तिला भुईवर ठेवायची नाय."

आता आली पंचाईत. एक मुडी विनोदने छातीशी धरली. दुसरी कंपनीच्या माणसाच्या कवेत गेली. मानेला पेंढा टोचत होता, शर्टाला कुंकू लागलं होतं, तरी तो जागचा हलला नाही. नाशिकहून निघताना आपल्याला कुणाची देवी कडेवर घ्यावी लागेल, असं त्या बापड्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

भागीने एकटीने गादी उलटी केली. चारी कडा ओढून नीट केल्या, हाताने थोपटल्या. मग पदर खोचून ती माच्यावर चढली आणि गादीवर उताणी निजली.

विनोद बघतच राहिला. ती वाकलेली पाठ आधी टेकेचना. मग हळूहळू टेकली. आईचे पाय सैलावले, कपाळावरच्या आठ्या विरल्या. आपली आई दिवसाउजेडी अशी आडवी झालेली त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"निज, आये," तो म्हणाला. "निज जराशी. आमी हाव ना धरून."

"झोपा, मावशी," कंपनीचा माणूसही म्हणाला. घसरणारी मुडी त्याने पुन्हा वर सरकवून धरली.

भागी या कुशीवर झाली, त्या कुशीवर झाली. मग उठून खाली उतरली आणि आपण निजलो होतो तेवढी जागा पदराने स्वच्छ पुसून काढली.

"बरी हाय," ती म्हणाली. "कुठं टोचत नाय. आना तिला."